कबर कुठे आहे?

शब-ए-बरातच्या रात्री वाकोल्याच्या गल्ल्यांतून माणसे फुले-अगरबत्ती घेऊन कब्रस्तानाकडे निघतात. नंतर वर्गात मुले सांगतात, 'सर, दादीच्या कबरीवर फातेहा पढलो.' पण ज्या घराच्या वाट्याला कबरच आली नाही, त्या घराने त्या रात्री कुठे जावे?

अश्विनी बिद्रे-गोरे या पोलीस अधिकारी २०१६ च्या एप्रिलमध्ये नाहीशा झाल्या. खून करून, प्रेताचे तुकडे वसईच्या खाडीत टाकल्याचे तपासात पुढे आले. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयाने पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकरला जन्मठेप दिली. प्रेत मात्र मिळाले नाही. घरच्यांच्या हाती निकालपत्र आले. मूठमाती द्यायला काही आले नाही.

आता कायदा पाहा. पुरावा नष्ट करण्याला जास्तीत जास्त सात वर्षे. जन्मठेपेच्या कैद्याला ती बहुधा जन्मठेपेतच भोगून होतात. म्हणजे प्रेत लपवणे त्याला फुकटात पडते! आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे कैद्याला संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) मिळते. जवळचा नातलग वारला तरी रजा मिळते. बापाच्या मय्यतीला खांदा द्यायला खुन्याने जरूर जावे. ती माणुसकी आहे. पण ज्याने दुसऱ्याच्या लेकीचा जनाजाच चोरला, त्याला वर्षाची संचित रजा देताना किंवा चौदा वर्षांनंतर सुटकेचा विचार करताना सरकारने एवढे तरी विचारू नये, की बाबा, प्रेत कुठे आहे?

कोणी म्हणेल, निरपराध माणूस काय सांगणार? हा आक्षेप आपल्याइतका कोणाला कळेल? २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोटांत शिक्षा झालेल्यांना उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष सोडले. म्हणून दरवाजा कायमचा बंद करा, असे मी म्हणत नाही. इंग्लंडने २०२० मध्ये हेलन मॅककोर्टच्या आईच्या लढ्यानंतर कायदा केला. तिथे पॅरोल मंडळाला कैद्याचे मौन विचारात घ्यावेच लागते, पण निर्णय मंडळाच्याच हाती राहतो. आपल्यालाही तेवढेच हवे.

आणि हा प्रश्न फक्त तुरुंगातल्यांना विचारून भागणार नाही. परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले, तो पळाला. पुढे चार पोलिसांवर खटला भरला गेला. त्याची आई आसिया बेगम वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढली. मुलाची कबर तिला कोणी दाखवली नाही.

वाचकहो, शिक्षा किती द्यायची ते न्यायाधीश ठरवतील. पण मेलेल्याला माती मिळावी, हा कैद्याच्या रजेइतका तरी हक्क मानणार की नाही?