मोटारीच्या दुकानात एकटा माणूस

मोटारखरेदी हा आपल्या साप्ताहिकाचा विषय होऊ शकतो काय, असे काही साथी विचारतील. बसचा, रेल्वेचा, फार तर रिक्षाचा प्रश्न आपण मांडावा. मोटार घेणाऱ्याने आपले पाहून घ्यावे, अशी आपल्यातील एक जुनी धारणा आहे. मोटार ज्या काळी कारखानदाराच्या, बड्या डॉक्टरच्या आणि मंत्र्याच्याच दारात उभी असे, त्या काळी ती धारणा ठीक होती. आज भिवंडी तालुक्यातील कोन गावात एक फेरी मारली तरी तिचा फेरविचार करावा लागतो.

कोन हे कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यासमोर, खाडीच्या पैलतीरावर, भिवंडी-कल्याण रस्त्याला लागून वसलेले गाव. एका अंगाला भिवंडीचे यंत्रमाग व सरवलीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला कल्याणचे जंक्शन, पुढे राजनोली नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्ग आणि आजूबाजूच्या गावांतून पसरलेली गोदामे. साऱ्या देशाचा माल या भागातून ये-जा करतो. माणसांच्या वाट्याला मात्र एसटी आणि शेअर रिक्षा. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. कोनगावचे स्थानक तिच्या आराखड्यात आहे. पण आराखड्यातील स्थानकावर गाडी पकडता येत नाही. रात्री बाराच्या पुढे छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याला खाडीपलीकडे न्यायचे, तर शेजाऱ्याच्या मोटारीचे दार ठोठवावे लागते. गोदामात हमाली करणारा नव्हे, पण तेथे कारकुनी करणारा, दोन मागांचा मालक, कल्याणला शाळेत शिकवणारा असा माणूस आज कर्ज काढून मोटार घेतो, तो सर्वस्वी चैनीखातर घेत नाही. सार्वजनिक वाहतुकीने टाकून दिलेला भार तो आपल्या पगारावर घेतो. बससाठी आपण लढलेच पाहिजे. पण तोवर हा माणूस हप्ते भरीत राहणार, आणि ते किती भरावेत हा प्रश्नही आपलाच आहे.

मध्यंतरी कोनमधील एका परिचिताबरोबर एका मोटारविक्रेत्याकडे जाण्याचा योग आला. परिचित गृहस्थ कारखान्यातील युनियनचे जुने प्रतिनिधी. महागाई भत्त्याच्या एका कलमावरून व्यवस्थापनाशी दोन दोन दिवस घासाघीस केलेली. परंतु त्या वातानुकूलित दालनात, थंड पेयाचा पेला हाती येताच, त्यांचे सारे शहाणपण कोठे गेले कळेना! समोरच्या मुलाने पहिलाच प्रश्न केला, "काका, महिन्याला किती जमेल?" आणि काकांनी आकडा सांगून टाकला. त्यानंतर किमतीची चर्चा उरलीच नाही. त्या आकड्यात कोणती मोटार आणि किती वर्षे बसवायची एवढेच ठरायचे राहिले. (तो मुलगाही बिचारा कामगारच. महिन्याचे लक्ष्य गाठले नाही तर त्याच्या पगारातील मोठा भाग बुडतो. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही.)

वेतनकरार करताना आपण पहिली गोष्ट कोणती पाहतो? कराराची मुदत. महिना पाचशेची वाढ ही तीन वर्षांसाठी की पाच वर्षांसाठी, हे विचारल्यावाचून कोणताही प्रतिनिधी सही करीत नाही. हप्त्याचेही तसेच आहे. सहा लाखांचे कर्ज दहा टक्के दराने, घटत्या शिलकेवर, पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १२,७५० रुपये बसतो आणि एकूण व्याज १ लाख ६५ हजारांच्या घरात जाते. तेच कर्ज सात वर्षांचे केले की हप्ता दहा हजारांच्या किंचित खाली येतो, घरात आनंदीआनंद होतो, आणि व्याज २ लाख ३६ हजारांवर पोहोचते. काही ठिकाणी 'फक्त सहा टक्के फ्लॅट' असा दर सांगतात. त्याचा अर्थ असा की, तुम्ही मुद्दल फेडीत गेलात तरी व्याज पाचही वर्षे मूळच्या सहा लाखांवरच चालू राहते. व्याज १ लाख ८० हजार, हप्ता १३,००० रुपये, आणि खरा दर पावणेअकरा टक्क्यांहून थोडा अधिक. सहाचा आकडा दहापेक्षा लहान दिसतो म्हणून तो स्वस्त, अशा समजुतीने कित्येकजण सही करून मोकळे होतात.

किंमतपत्रकाचीही हीच तऱ्हा. कारखान्याच्या भावाखाली विमा, कर, नोंदणी, 'हाताळणी', सुट्या साहित्याचा संच, वाढीव हमी अशी रांग लागते. यातील सरकारी आकडे स्थिर असतात. खाजगी हलक्या मोटारीची नोंदणी फी ६०० रुपये आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी कर आहे. विमा कोणत्याही कंपनीकडून घेण्याची मुभा ग्राहकाला आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा मात्र वर्षाचाच घेतला तरी चालतो. उरलेली कलमे वाटाघाटीची. परंतु ग्राहक पाच हजारांच्या आसनांच्या खोळी फुकट मिळवून विजयी मुद्रेने उठतो आणि विम्यात, व्याजात त्याच्या अनेकपट ठेवून येतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के व वर अधिभार यावरून १८ टक्क्यांवर आला. त्यानंतर जी 'सवलत' जाहिरातींतून झळकली ती कंपनीच्या नफ्यातून आलेली नव्हती. सरकारी तिजोरीने तो महसूल सोडला होता. त्याच दिवशी बसवरील करही २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण त्याचे पडघम कोणी वाजवल्याचे आठवत नाही.

किंमत सरकारने ठरवावी, म्हणजे प्रश्न मिटेल, असे म्हणणारे अजूनही भेटतात. तो प्रयोग होऊन गेला आहे. १९६९ साली केंद्र सरकारने देशी मोटारींच्या किमती आदेशाने बांधून दिल्या. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, चौकशी आयोग बसला, १९७१ साली निकाल लागला. किंमत कागदावर बांधली गेली खरी; परंतु फियाट आणि ॲम्बेसेडरचे उत्पादन तुटपुंजे आणि प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची. मग सौदा किमतीचा राहिला नाही, यादीतील क्रमांकाचा झाला. ज्याचा नंबर लागला त्याला वर 'ऑन' मोजून मोटार घेणारे पैसेवाले निघाले. कोनपासून फार दूर नसलेल्या कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. १९९०च्या दशकाच्या मध्यास कंपनीने फ्रेंच भागीदारीत प्यूजो ३०९ ही मोटार काढली. काही वर्षांतच फ्रेंच कंपनीने काढता पाय घेतला. आज त्या परिसरात बहुमजली गृहसंकुले उभी आहेत. तुटवडा गेला, दुकाने थाटली गेली, ग्राहकाला 'राजा' ही पदवी मिळाली. मात्र राजा तेव्हाही एकटा होता आणि आजही एकटाच आहे.

एकटे न जाण्याचा धडा आपल्या राज्यात गिरवला तो मात्र भलत्यांनी. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, धनिकांच्या एका गटाने एकत्र येऊन १५० मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी केल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा. स्टेट बँकेने कर्ज दिले ते सात टक्के व्याजाने! त्याच भागातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जावर याहून कितीतरी अधिक व्याज मोजावे लागत होते. त्या वेळी आपण या विषमतेवर लिहिले, बोललो, आणि ते योग्यच होते. परंतु त्या घटनेतील दुसरी बाजू आपल्या नजरेतून निसटली. त्या धनिकांनी केले काय? यादी केली, प्रतिनिधी नेमले, विक्रेता आणि बँक या दोघांशी एकाच वेळी बोलणी केली. सामुदायिक सौदाशक्ती हा शब्द आपण गिरणगावात रुजवला आणि तो वापरला मर्सिडीज घेणाऱ्यांनी.

वास्तविक ग्राहकाच्या अंगाने हा विचार आपल्याला परका नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासमवेत लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांनी, भाव ही दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातील खाजगी बाब नव्हे, हे दाखवून दिले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तांदूळ-डाळीची एकत्रित खरेदी करून घराघरांत वाटप केले. डाळीला जे लागू ते मोटारीला का लागू नसावे?

कोनसारख्या गावात दसरा किंवा पाडवा धरून दहा-बारा घरे मोटार घेतात, हे शेजारीपाजारी सर्वांना ठाऊक असते. दोन महिने अगोदर त्यांची यादी करावी. कल्याण, भिवंडी आणि ठाणे येथील तीन विक्रेत्यांकडून एकाच नमुन्यात, कलमवार आणि लेखी किंमतपत्रक मागवावे. कर्जाची बोलणी विक्रेत्याच्या टेबलावर न करता राष्ट्रीयीकृत बँकेशी वेगळी करावीत. बोलणीला दोघांनी जावे, एकट्याने कधीही नाही. मालकाच्या खोलीत एकट्याने जायचे नसते, हा नियम युनियनमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. महिनाअखेरीस आणि वर्षअखेरीस विक्रेत्याला आकडा गाठण्याची निकड असते, तेव्हा दहा मोटारींची मागणी त्याला टाळवत नाही. यादी फुटेल ती कशी, तेही सांगता येईल. यादीतील एखाद्याला संध्याकाळी फोन येईल, "साहेब, खास तुमच्यासाठी आणखी वीस हजार, पण इतरांना सांगू नका." संप फोडण्याची रीत याहून वेगळी असते काय?

दुसरी अडचण अधिक खरी आहे. बारा जणांना बारा मोटारी हव्या असतात. मोटारीचा निर्णय गरजेवरून होत नाही, दारात कोणाची उभी आहे त्यावरून होतो. कोन आणि आसपासच्या गावांत गोदामांना जमिनी गेल्या, हाती पैसा आला, आणि त्यातील बराचसा थोरल्या, उंच, डिझेलच्या मोटारींत गेला. तरुणांची यावरून टवाळी करणे सोपे आहे. ज्या गावाला शहराने केवळ रस्त्याकडेची वस्ती मानले, त्या गावच्या मुलाला उंच मोटारीत बसून त्याच रस्त्यावर मान मिळतो, हे समजून घ्यावे लागेल. तरीही हिशेब हिशेबच असतो. जमीन परत येत नाही आणि मोटारीची किंमत दुकानाच्या दारातून बाहेर पडताच घसरू लागते. कल्याणपर्यंतच्या फेऱ्या, महिन्यातून एकदा गावी, आणि अडीअडचणीला दवाखाना एवढीच गरज असेल तर चार मीटरच्या आतील लहान मोटार पुरते. सीएनजी परवडतो, मात्र टाकीने डिकी व्यापली जाते हे सामानवाल्या कुटुंबाने आधी पाहावे. राजनोलीच्या खड्ड्यांसाठी मोटारीची जमिनीपासूनची उंची पाहावी आणि दुरुस्तीकेंद्र जवळ आहे काय ते विचारावे. तीन-चार वर्षे वापरलेली मोटार घेण्यात कमीपणा कसला? फक्त पुस्तकावरील बँकेचा बोजा उतरला आहे काय, दंडाची चलने थकली आहेत काय, हे आधी तपासावे, आणि नाव तत्काळ बदलून घ्यावे. विकणाऱ्यानेही यात ढिलाई करू नये. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

एका वर्गाला मात्र हौसेचा प्रश्नच नाही. गोदामांच्या दाराशी 'छोटा हत्ती' किंवा पिकअप घेऊन उभा असलेला तरुण वाहन विकत घेत नाही, स्वतःची नोकरी विकत घेतो. हप्ता चुकला की नोकरी आणि वाहन दोन्ही एकदम जातात. काहीजण हप्त्याच्या धास्तीने पांढऱ्या पाटीची खाजगी मोटार भाड्याने फिरवतात. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. सामुदायिक खरेदीचा आरंभ याच तरुणांपासून व्हावा असे आमचे मत आहे. त्यांना बहुधा एकाच जातीचे वाहन हवे असते, कर्जाची गरज सारखी असते आणि ते रोज एकाच फाटकाशी भेटतात. वाहनाच्या व्याजावर जी यादी एकत्र बसेल, तिला पुढे ठेकेदाराशी फेरीच्या भाड्यावरही बोलता येईल. कोनच्या साथींनी येत्या हंगामापूर्वी निदान दहा नावे लिहून काढावीत.