गळती

दिवाळी अंकातल्या लेखाला बेसनाचा वास यावा, निदान उटण्याचा तरी यावा, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. पण यंदाच्या माझ्या लेखाला डिझेलचा वास येणार आहे. नाइलाज आहे. २०२४ च्या दिवाळीपासून तो माझ्या नाकात बसला आहे, आणि एकदा लिहून टाकल्याशिवाय तो जायचा नाही, असे सौ.चे मत आहे.

माझे आणि यंत्रांचे सख्य किती, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मी हात लावला की घरातला मिक्सरसुद्धा रुसतो. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला फळा, खडू आणि शब्द यांपलीकडे हत्यार लागत नाही. त्यातले शब्द हे हत्यार किती धारेचे आहे, हे मला त्या दिवाळीत कळले.

आमचे गाव नारायणगावाजवळ. तिथली शेती माझा थोरला चुलतभाऊ पाहतो. त्याला आम्ही सारे दादा म्हणतो. हंगामात टोमॅटो आणि दसरा-दिवाळीला झेंडू. माल पुण्याच्या मार्केट यार्डात न्यायला त्याच्याकडे डिझेलची एक पिकअप आहे. गाडी नऊ वर्षांची, आणि तिच्यावरचा ड्रायव्हरही नऊ वर्षांचा जुना. घरातली मुले त्यांना भाऊ म्हणतात; म्हणून मीही भाऊच म्हणतो.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास गाडीचे ॲव्हरेज घसरले. लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी साडेदहावर आली. जाऊन-येऊन १५० किलोमीटरची फेरी, म्हणजे फेरीमागे पावणेदोन लिटर डिझेल नाहीसे होत होते! दादाने टाकीखालचा नट आवळून पाहिला. फिल्टर बदलला. शेवटी रात्री गाडीखाली टोकापासून टोकापर्यंत पुठ्ठे अंथरले. सकाळी पुठ्ठे कोरडे ठणठणीत. दादा म्हणाला, "ठिपका नाही, म्हणजे गळत नाही. गळत नाही, म्हणजे कोणीतरी काढतंय."

त्यातच हौद्याला डिझेलचा वास येऊ लागला. एका व्यापाऱ्याने झेंडूचे क्रेट नाकाशी नेले आणि भाव पाडला. दादाच्या मते हा वास म्हणजे पुरावाच होता. कॅनमध्ये काढताना सांडणारच!

मी सुटीला गावी पोचलो तो नेमका या खटल्याच्या निकालाच्या दिवशी. शिकलेला माणूस म्हणून मलाही ओट्यावर बसवण्यात आले. भाऊ खाली अंगणात उभे होते. ते एवढेच म्हणाले, "सर, विकलेल्या डिझेलचा गाडीत वास राहत नाही. वास सांडलेल्याचा राहतो."

मला वाटले, काय हजरजबाबी माणूस आहे! मी हसलो आणि म्हणालो, "चोराच्या मनात चांदणं."

म्हण अगदी चपखल बसली, म्हणून मला बरेही वाटले. भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी गाडीची किल्ली देवळीत ठेवली, वहाणा पायांत सरकवल्या आणि ते निघून गेले. संध्याकाळपर्यंत ही हकीकत चौकातल्या चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती, माझ्या म्हणीसकट.

दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच गाडी घेऊन पुण्याला गेला. निघताना टाकी काठोकाठ भरली, परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरली आणि हिशेब केला. लिटरला साडेदहा! रात्री जेवताना कोणी बोलेना. वहिनींनी दादाच्या पानात भाकरी वाढली आणि शांतपणे विचारले, "आज कोणी चोरलं? तुम्ही?"

सकाळी मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारला, "सकाळी गाडी कशी सुरू होते?"

"एका फटक्यात," दादा म्हणाला.

"मग टाकीकडून पंपाकडे येणारी नळी चांगली आहे. तिला भोक असतं तर गाडीनं हवा ओढली असती. रात्रीत डिझेल मागं उतरलं असतं आणि सकाळी तुम्हाला हातपंप मारून एअर काढावी लागली असती."

मग त्यांनी बॅटरीच्या उजेडात इंजिन पाहिले. इंजिन चालूच होते. मी उत्साहाने एका नळीकडे बोट नेले, तर त्यांनी माझा हात झटकला. पंपाकडून नॉझलकडे जाणाऱ्या त्या नळ्यांत, गाडी जोर लावते तेव्हा, हवेच्या दाबाच्या हजारपटीहूनही अधिक दाब असतो. तिथून फुटलेली बारीक धार कातडीत सुईसारखी शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आणि आत मात्र बोट गमावण्याची पाळी येते. तिथली गळती शोधायला हात नव्हे, लांबून पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा असतो. पण तिथे सारे कोरडे होते.

"मग राहिली रिटर्न," मिस्त्री म्हणाले.

ही रिटर्न म्हणजे परतीची नळी. पंप टाकीतून जेवढे डिझेल ओढतो, तेवढे सगळे जळत नाही. उरलेले, पंपाला आणि नॉझलना वंगण व गारवा देऊन, या नळीने टाकीत परत येते. आणि इंजिन चालू असेल तेव्हाच ही नळी वाहते. मी दादाकडे पाहिले. दादा भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्यांकडे पाहत होता. झोपलेला माणूस बोलत नाही, यावरून तो मुका आहे असे आम्ही ठरवून टाकले होते!

गाडीची खालची बाजू साबणाच्या पाण्याने धुतली, फडक्याने कोरडी केली. मिस्त्रींनी विचारले, "पावडर आहे का घरात? तोंडाला लावायची?" वहिनी आत वळल्या, तोच मला माझ्या पिशवीतले खडू आठवले. वरवंट्याने कुटून त्यांची पूड केली आणि मिस्त्रींनी ती सबंध नळीवर थापली. नळी फळ्याखालच्या पट्टीसारखी पांढरी झाली.

इंजिन सुरू केले. आम्ही तिघे उताणे होऊन खाली पाहत होतो. थोड्या वेळाने गाडीच्या मध्यावर, नळी जिथे चासीला क्लिपेने धरलेली होती, तिथला खडू करडा पडला. मग एक थेंब फुगला. तो खाली मात्र पडला नाही. नळीच्या पोटाला धरून मागे सरकत गेला आणि पार हौद्याच्या शेवटाकडे टपकला. धावत्या गाडीत वारा त्याला मागच्या फळीवर उडवत असणार. मिस्त्रींनी क्लिप काढली. तिच्यात चिखल साचून साचून लोखंड गंजले होते आणि टाचणीएवढे भोक पडले होते. त्यांनी तेवढा तुकडा कापून डिझेलसाठीची रबरी नळी आणि दोन क्लिपा बसवल्या. बिल झाले साडेतीनशे रुपये.

डिझेल हे मुळात एका माणसाचे नाव आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला, पण नाव तेलाला राहिले. त्या तेलापायी आमच्या गावात दुसऱ्या एका माणसाचे नाव जाण्याची वेळ आली होती.

त्या संध्याकाळी दादा आणि मी भाऊंच्या घरी गेलो. दादा उंबऱ्याशीच थांबून म्हणाला, "उद्या पहाटे तीनला माल निघायचा आहे." त्याच्याने पुढे बोलवेना. बोलणे हा माझा धंदा. पण मलाही शब्द सापडेनात. कसाबसा म्हणालो, "भाऊ, तुम्ही बरोबर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

भाऊंनी आधी विचारले, "कुठं होती?"

"मधल्या क्लिपेखाली. रिटर्नला."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "सर, इथं सांगून काय उपयोग? माझ्या घरात सगळ्यांना ठाऊकच होतं. चौकात सांगा."

आम्ही चौकात गेलो. टपरीवर आठ-दहा माणसे होती. दादाने सांगितले, मीही सांगितले. एकाने विचारले, "सर, ती म्हण काय होती हो?" मी म्हणालो, "ती चुकली." पहाटे तीनला गाडी सुरू झाल्याचा आवाज मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकला.

आता वर्गात एखादा मुलगा चटकन उत्तर देतो आणि सगळे हसतात, तेव्हा मीही हसतो. पण त्याआधी क्षणभर थांबून पाहतो, की तो म्हणतो आहे ते खरे तर नाही ना!