परवाना कुणाचा बनावट, बोट कुणाकडे?

आरक्षणाचा विषय निघाला की गुणवत्तेच्या ठेकेदारांचा एक ठेवणीतला प्रश्न असतो. "आरक्षणातून झालेला पायलट विमान चालवत असेल, तर तुम्ही त्या विमानात बसाल का?" उल्हासनगरच्या कॉलेज कट्ट्यावर, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कँटीनमध्ये, बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये हा प्रश्न आमच्या मुलांना हसत हसत विचारला जातो. आजूबाजूचे चार जण माना डोलावतात आणि आमची मुले गप्प बसतात. ती गप्प बसतात, कारण वैमानिकाचा परवाना कसा मिळतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. प्रश्न विचारणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. म्हणून आज आम्ही या प्रश्नाचा हिशेब मांडणार आहोत.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए देते. त्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. हवाई मार्गनिर्देशन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात व त्यात ७० टक्के गुण मिळवावे लागतात. डॉक्टरी तपासणी वेगळी आणि प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी वेगळी. विमानाचा कप्तान व्हायचे तर पुढचा परवाना लागतो, त्याला १५०० तासांचा अनुभव हवा. सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेशात आरक्षण आहे. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिच्या नोकरीत आरक्षण होते. २०२२ च्या जानेवारीत ती टाटांकडे गेली आणि तेही संपले. परंतु परवान्यात आरक्षण कधीच नव्हते. आकाश जात विचारत नाही, तास विचारते.

मग खोटा परवाना घेऊन विमान कोणी उडवले? २०११ साल आठवा. त्या वर्षी जानेवारीत गोव्याच्या विमानतळावर एका खासगी कंपनीचे प्रवासी विमान मागच्या चाकांऐवजी आधी नाकाच्या चाकावर टेकले. चौकशी सुरू झाली आणि वैमानिकाची कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा कप्तानपदाच्या परवान्यासाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट असल्याचे डीजीसीएला आढळले. मार्चमध्ये अटक झाली. धागा ओढला तसे आणखी वैमानिक सापडले, दलाल सापडले आणि खुद्द डीजीसीएचा अधिकारीही पोलिसांच्या ताब्यात गेला. राजस्थानात तर एका फ्लाइंग स्कूलमध्ये न उडवलेल्या विमानाचे तास कागदावर चढवून प्रमाणपत्रे दिली गेल्याचा गुन्हा दाखल झाला. देशभरातील हजारो परवान्यांची तपासणी करण्याची पाळी सरकारवर आली.

सापडलेल्यांची जात आम्ही विचारत नाही, विचारणारही नाही. आम्ही एवढेच विचारतो की हे लोक आरक्षणाच्या दाराने आले होते काय? खासगी विमान कंपनीत आरक्षण नाही. गुणपत्रिका विकत घ्यायला जातीचा दाखला लागत नाही, पैसा लागतो. लाखो रुपये मोजून ज्यांनी आकाशात जागा घेतली, त्यांच्या गुणवत्तेबद्दल कट्ट्यावर कोणी विनोद केला काय? संशय मात्र आजही दाखला खरा असलेल्या आमच्या पोरावरच!

विनापरवाना विमान उडवण्याचे परिणाम काय, तेही पाहू. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे. नियमभंगाला दोन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशा शिक्षेची सोय त्यात आहे. कागदपत्रे बनावट असतील तर फसवणुकीचा फौजदारी गुन्हा वेगळा. परवाना जातो, नोकरी जाते.

पण सर्वांत मोठी शिक्षा निर्दोष माणसांना होते. पाकिस्तानचे उदाहरण घ्या. २२ मे २०२० रोजी कराचीत विमान कोसळून विमानातील ९७ जण दगावले. पुढच्याच महिन्यात तिथल्या मंत्र्याने संसदेत सांगितले की, देशातील ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांचे परवाने संशयास्पद आहेत. लगेच युरोपने पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीला दारे बंद केली. ती २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत उघडली नाहीत. काही जणांनी लबाडी केली असेल, पण ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला, तेही चोर ठरले.

एकाच्या पापाचा शिक्का साऱ्यांवर बसणे म्हणजे काय, हे आमच्या भागाला चांगले ठाऊक आहे. फाळणीनंतर अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या निर्वासितांनी कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींतून उल्हासनगर उभे केले. कष्टाने कारखाने काढले. तरी नकली माल म्हटले की लोक उल्हासनगरचे नाव घेऊन हसतात. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत राखीव जागेवर लागलेल्या आमच्या बापजाद्यांनी देशाच्या दारूगोळ्यासाठी राबून निवृत्ती घेतली. त्यांच्या हातचा माल सीमेवर गेला, तेव्हा गुणवत्तेचा प्रश्न कोणालाच पडला नाही. तो नेमका आमचा मुलगा कॉकपिटच्या दाराशी पोचला की पडतो!

आणि तिथवर तो पोचतो तरी किती वेळा? वैमानिकाच्या प्रशिक्षणाचा खर्च आज अर्ध्या कोटीच्या घरात आणि त्याहूनही वर गेला आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची उच्च श्रेणी शिष्यवृत्ती योजना निघाली, तिच्यात खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा घातलेली होती. अर्ध्या कोटीच्या खड्ड्यात एवढ्याने काय होणार? खरी चाळणी इथे आहे. ती बुद्धीची नाही, पैशाची आहे.

विमानासाठी या भागातल्या माणसाने काही कमी दिलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात नेवाळी परिसरातील शेतकऱ्यांच्या जमिनी विमानतळासाठी घेतल्या गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून २०१७ च्या जूनमध्ये आंदोलन पेटले. आता ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. बदलापूर-अंबरनाथच्या वस्त्यांतील पोरे तिथे कामाला जातील. पण सामान चढवायला, फरशी पुसायला आणि गेटवर उभे राहायलाच ती जाणार काय? प्रशिक्षणाची संपूर्ण फी शासनाने भरली पाहिजे, ही मागणी समाजाने आता जोरात लावून धरली पाहिजे.

मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपले घरही तपासले पाहिजे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीवर आज ड्रोन घिरट्या घालतात. कायद्याच्या दृष्टीने ड्रोन हेही विमानच आहे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनची नोंदणी करावी लागते आणि पैसे घेऊन चित्रीकरण करणाऱ्याकडे अशा ड्रोनसाठी चालकाचे प्रमाणपत्र असावे लागते. सरकारी नकाशात लाल दाखवलेल्या भागात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. नियम मोडल्यास एक लाखापर्यंत दंड आहे. खाली हजारो बायाबापड्या, लेकरे असतात. पंखा फिरता ड्रोन गर्दीत पडला तर जबाबदार कोण? "आपलाच पोरगा आहे, चालतंय" असे म्हणून आमची मंडळे डोळेझाक करत असतील, तर बनावट गुणपत्रिकेकडे डोळेझाक करणाऱ्या साहेबात आणि आपल्यात फरक काय राहिला? ड्रोनच्या प्रमाणपत्राला दहावी पास आणि १८ वर्षे पूर्ण एवढीच अट आहे, वर रीतसर प्रशिक्षण. मंडळाने डीजेच्या खर्चातून दोन पोरांची फी भरावी. मिरवणूकही सुरक्षित राहील आणि दोन घरांत चूल पेटेल.

बाबासाहेब १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा वकिलीची सनद काढायलाही त्यांच्याजवळ पैसे नव्हते. त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी ते दिले आणि बाबासाहेबांनी रीतसर सनद घेऊनच हायकोर्टाची पायरी चढली. ज्ञान असताना ते सनदेवाचून थांबले. ज्ञान नसताना सनद विकत घेणारे आज आम्हाला गुणवत्ता शिकवतात!

तेव्हा पुढच्या वेळी लोकलमध्ये तो प्रश्न कोणी विचारलाच, तर आमच्या मुलाने मान खाली घालू नये. त्याने सरळ सांगावे, "ज्याचे तास खरे आणि परवाना खरा, त्याच्या विमानात मी बसेन. तुम्ही तुमच्या पायलटची गुणपत्रिका तपासली आहे का?" आणि समाजाने त्या मुलामागे भथेनांसारखे उभे राहावे. सनद खरी हवी आणि तिच्यासाठी लागणारा पैसा आपणच उभा केला पाहिजे.

जयभीम!