मावळ्याला रंग कोणी द्यायचा?

दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे आता बाजारात रंगवूनच मिळतात. तेही प्लॅस्टरचे, गुळगुळीत, चकचकीत. सोय झाली, असे पालक म्हणतात. पण सोय कोणाची? दगडमाती मुलांनी वाहायची, बुरूज त्यांनी लिंपायचे, अळीव-मोहरी त्यांनीच पेरायची. आणि गडावर उभा राहणारा माणूस मात्र साच्यातून, एकाच मिशीचा, एकाच अंगरख्याचा यावा, हा कुठला न्याय?

भाजलेल्या मातीचा कोरा मावळा मुलांच्या हाती द्या. आधी पांढऱ्या रंगाचा एक हात. तो वाळला की अंगरखा, मग पागोटे, आणि अगदी शेवटी बारीक कुंचल्याने डोळे. ते तिरळे होतील. होऊ देत! तिरळा मावळाही पहारा करतो. त्याची बैठक ओल्या मातीत रुतवावी, कडेने अळीव पेरावे. म्हणजे तो त्या गडाचा होतो. नुसता ठेवलेला पहिल्या वाऱ्याला कलंडतो.

मावळा दरवाजाहून उंच होतो, प्रमाण चुकते, अशी तक्रार करणारे जाणकारही भेटतात. जेथे वाघ, गवळण आणि बंदूकवाला शिपाई एकाच उतारावर नांदतात, तेथे कसले प्रमाण? राज्य मुलांचे आहे. त्यात एक तरी माणूस त्यांच्या हातचा असू द्या.