चूक वेगळी, चोरी वेगळी

एस.टी.च्या गाडीत मार्ग तपासणी पथक चढले की खिसे आणि कनवटी चाचपण्याची एकच घाई उडते. ज्याचे तिकीट सापडले तो सुटला. ज्याचे सापडले नाही, किंवा एका टप्प्याने कमी निघाले, तो पन्नास माणसांदेखत ‘फुकट्या’ ठरतो. त्याने पैसे बुडविले की त्याची चूक झाली, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

फुकट प्रवासाची आम्ही तरफदारी करीत नाही. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतील खेड्यापाड्यांच्या माणसाला बाजार, दवाखाना, कचेरी, कॉलेज गाठायचे तर एस.टी.चाच आधार आहे. तिचे भाडे बुडविणारा आपल्याच ताटात माती कालवतो. त्याला दंड झालाच पाहिजे. पण आम्ही कारकुनी करणारी माणसे. हिशेब तपासताना आम्हांला पहिली गोष्ट शिकविली गेली ती ही, की चूक आणि अफरातफर एका खात्यात टाकायची नसते. बेरीज चुकली तर आकडा खोडून शेजारी सही करतात. पैसे खाल्ले तर चौकशी लागते. तिकिटाच्या बाबतीत हा भेद का नसावा?

तसा तो कायद्यात आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२४ सांगते की गाडीतच तिकीट मिळण्याची सोय असेल तर प्रवाशाने आधी चढावे आणि चढल्यावर होईल तितक्या लवकर वाहकाला भाडे द्यावे. कलम १७८ प्रमाणे विनातिकीट प्रवाशाला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. पण त्याच कलमात पुढे असेही लिहिले आहे की, जो वाहक जाणूनबुजून किंवा हयगयीने देऊ केलेले भाडे घेत नाही, तिकीट देत नाही, चुकीचे अथवा कमी किमतीचे तिकीट देतो, त्यालाही ५०० रुपयांपर्यंत दंड व्हावा. म्हणजे चूक कोणाची हे पाहणे कायद्याला मंजूर आहे.

व्यवहारात काय होते? एस.टी. विनातिकीट प्रवाशाकडून मूळ भाडे आणि वर भाड्याच्या दुप्पट किंवा १०० रुपये, यांत जे जास्त असेल ते वसूल करते. समजा, बाजारच्या दिवशी गाडी खचाखच भरली आहे. वाहक पुढे अडकला आहे आणि मागच्या दारातली म्हातारी वीस रुपये मुठीत धरून उभी आहे. तेवढ्यात पथक चढले तर वीसाचे एकशेवीस होतात. तिचा गुन्हा काय? आणि त्या वाहकाचा तरी काय? त्याच्यामागे वेगळीच चौकशी लागते.

रेल्वेचेही असेच आहे. पूर्णा-अकोला मार्गाने जाणाऱ्यांनी १९८९ च्या रेल्वे कायद्याची दोन कलमे ध्यानात ठेवावीत. कलम १३७ फसविण्याच्या हेतूने प्रवास करणाऱ्यासाठी आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम १३८ मध्ये हेतूची अट नाही. तिकीट नसले, तिकिटाच्या पुढे गेलात किंवा वरच्या वर्गात बसलात, की भाडे किंवा भाड्यातील फरक आणि वर तेवढीच रक्कम किंवा २५० रुपये, यांत जे अधिक असेल ते भरावे लागते. ६ डिसेंबरला दादरला जाणारे आपले कितीतरी बांधव जनरलचे तिकीट घेऊन गर्दीच्या रेट्यात आरक्षित डब्यात चढतात. त्यांना हा भुर्दंड बसतो. २५० रुपये म्हणजे शेतमजूर बाईचा जवळपास दिवसभराचा रोज.

यातून सुटकेची वाट कायद्यातच आहे. तिकीट काढता आले नाही तर गाडीत बसण्यापूर्वी रेल्वे कर्मचाऱ्याला सांगून त्याची परवानगी आणि कलम ५५ खालील दाखला घ्यावा. तो दाखला जवळ असेल तर फक्त भाडे द्यावे लागते, जादा आकार नाही. दुसरे असे की, सोबत पुरुष नसलेल्या बाईला किंवा मुलाला तिकिटापायी वाटेल तेथे उतरविता येत नाही. प्रवास सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याचे ठिकाण, एवढ्याच जागी आणि तेही दिवसाउजेडी. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला, तेव्हापासून हिंगोली स्टेशनही त्यात येते. आडस्टेशन मात्र येत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पथकाने आधी विचारावे, मग पावती फाडावी. जो प्रवासी आपण होऊन तिकीट मागतो त्याच्याकडून फक्त भाडे घ्यावे. वाहकाच्या चुकीचा दंड प्रवाशावर लादू नये. आणि पास घरी विसरलेल्या शाळकरी मुलीला आठ दिवसांत पास दाखविण्याची मुभा द्यावी. ही काही जगावेगळी मागणी नाही. जर्मनीत विनातिकीट प्रवाशाला ६० युरो दंड आहे. पण आपल्या नावाचा पास त्या वेळी चालू होता हे आठवड्याच्या आत सिद्ध केले तर फक्त ७ युरो घेतात. आपल्याकडे मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. पण चारचौघांत एकदा ‘फुकटी’ म्हणून तिचा पाणउतारा झाला, तर घरचे तिची शाळाच बंद करतात. त्या दंडाची पावती कोण देणार?

वाचकांनीही आपली बाजू पक्की ठेवावी. गाडीत चढताच तिकीट मागावे. तिकिटावरचे गाव आणि रक्कम वाचावी. स्वतःला वाचता येत नसेल तर शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत असला तरी त्यांनी शून्य रकमेचे तिकीट मागून घ्यावे. दंड भरावा लागलाच तर पावतीशिवाय पैसा देऊ नये आणि अन्याय वाटल्यास त्या पावतीसह आगारप्रमुखांकडे लेखी अर्ज करावा. तोंडी भांडण गाडीबरोबर निघून जाते, अर्ज दप्तरी राहतो.