भाताला वालाची जोड

अलिबाग-मुरूड पट्ट्यात भातकापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. शेतकऱ्याला पाण्याशिवाय दुसरे पीक मिळते, हा एक लाभ. दुसरा त्याहून मोठा आहे, तो ताटातला.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ही आम्ले वीस प्रकारची. त्यांतली नऊ शरीराला बनवता येत नाहीत, अन्नातूनच यावी लागतात. पेशी प्रथिन जोडते तेव्हा ठरलेल्या जागी ठरलेलेच आम्ल लागते. लायसिन संपले तर त्याच्या जागी दुसरे चालत नाही, काम अडते. उरलेली आम्ले साठवून ठेवण्याचीही सोय शरीरात नाही. यकृत त्यांतला नायट्रोजन काढून युरिया करते, तो लघवीवाटे जातो. बाकीचा भाग बहुतेक इंधन म्हणून खर्ची पडतो. त्यामुळे 'प्रथिने किती ग्रॅम?' एवढेच विचारून भागत नाही. तांदळात लायसिन कमी असते. वालात ते भरपूर, पण मेथिओनिन तोकडे. ते भात पुरवतो. वालाच्या डाळिंब्यांची उसळ आणि भात एकत्र जेवणाऱ्या घराला महागड्या डब्यातली पावडर विकत घ्यायची गरज सहसा नसते.

त्या उसळीमागचे कष्ट मात्र पाहायला हवेत. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून दाणा न् दाणा सोलायचा. कच्च्या वालात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे द्रव्य असते. नीट शिजवल्यावर ते बरेचसे निकामी होते. पचनाला आड येणारे सालीतले टॅनिन सालीबरोबरच निघून जाते. मान मोडून बिरडे सोलणाऱ्या बायका हे जीवरसायन पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत.

याच पट्ट्यातल्या जवळ्याची गोष्ट वेगळी आणि जास्त बोचणारी. बोटाच्या पेराएवढी ही कोलंबी उन्हात वाळली की तिच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग प्रथिनांचा असतो, लायसिनसकट. रेवदंड्याच्या बाजारात ती मिळते, पावसाळाभर टिकते. पण वाळूत पसरून वाळवलेला जवळा खाताना दाताखाली कचकचतो, त्याला भाव येत नाही, आणि बराच माल कोंबड्यांच्या खाद्यात जातो. आणि याच जिल्ह्यात कातकरी वाड्यांवरच्या मुलांचे कुपोषण हटत नाही. वाळवणीसाठी स्वच्छ ओटे बांधून देणे ही काही अवघड गोष्ट नाही. तो जवळा आणि वालाची उसळ, जी घरे खातात त्यांच्या मुलांच्या अंगणवाडीतल्या ताटात आलीच पाहिजे.

शाळेच्या ताटात आठवड्याला एक अंडे द्यायचे असे राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवले होते. अंड्यात नऊच्या नऊ आवश्यक आम्ले नेमक्या प्रमाणात असतात. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला गेला आणि अंडी हवीत तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या वाडीवर पावसाळ्यात मजुरी नसते तिथे लोकसहभाग कोणाकडून मागायचा? हा निधी सरकारने पुन्हा सुरू करावा.