बोनस, तात्या आणि जुनी होडी

आपल्या पिढीचा एक सॉलिड प्रॉब्लेम आहे. काहीही बिघडलं की 'रिपेअर' हा शब्द तोंडात येण्याआधीच आपण 'एक्स्चेंज ऑफर' शोधायला लागतो. मोबाइलची बॅटरी लवकर उतरते? नवा घे. बाईक कुरकुरतेय? ईएमआयवर नवी काढ. आणि एवढं सगळं करून वर स्वतःला 'प्रॅक्टिकल' म्हणवून घेतो! मीही त्यातलीच. पण या उन्हाळ्यात एका होडीने माझी चांगलीच शाळा घेतली. तीही कुठे? संगमनेरात!

हसू नका. तुमच्यासाठी संगमनेर म्हणजे पुणे-नाशिक हायवेवरचा चहाचा स्टॉप असेल. पण गावाच्या नावातच संगम आहे, प्रवरा आणि म्हाळुंगीचा. वर अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण, १९२६ साली पूर्ण झालेलं. दुसऱ्या अंगाने मुळा नदी वाहते आणि पुढे राहुरीत तिच्यावर मोठं धरण आहे. समुद्र नाही, पण पाणी आहे. पाणी आहे तिथे मासा आहे, आणि मासा आहे तिथे भोई समाजाची घरं आहेत.

त्यातल्याच एका घरातला माझा शाळेतला मित्र आता हिंजवडीत टीम लीड आहे. त्याचे वडील, आमचे तात्या, मुळा धरणाच्या फुगवट्यात अजूनही जाळी लावतात. रोहू, कटला, कधी नशीब जोरावर असेल तर मरळ. धरणांवर कितीतरी जण थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर ट्रकच्या ट्यूबवर बसून मासेमारी करतात. तात्यांचा रुबाब वेगळा. त्यांच्याकडे लाकडी होडी आहे, अठरा फुटी. पंधरा वर्षांपूर्वी कोकणातून सेकंडहँड घेऊन टेम्पोत घालून आणलेली. त्या दिवशी म्हणे अख्खी गल्ली बघायला जमली होती.

तर झालं काय, की या मार्चमध्ये मित्राला बोनस मिळाला. आणि त्याच सुमाराला होडीत पाणी यायला लागलं. एका फेरीत दोनदा डबड्याने उपसायचं, एवढं. मित्राने सरळ फायबरच्या नव्या होडीचं कोटेशन मागवलं. सरप्राइज! घरी सांगितलं, तर तात्या म्हणाले, "मला नको."

झालं. बाप-लेकांत अबोला. मग मला फोन. "तू पत्रकार आहेस, बोलायचं काम तुझं. समजाव त्यांना."

गेले. तात्या ओसरीवर जाळं विणत बसले होते. मी माझं सगळं लेक्चर दिलं. नवी होडी हलकी असते, गळत नाही, दरवर्षी डांबर मारायची कटकट नाही. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या आज्जीचं गुडघं दुखायलेत. बदलून आणली का दुसरी आज्जी?"

आता यावर काय बोलणार!

पण मित्राचा मुद्दाही खोटा नव्हता. त्याला पैशाची पडलेली नव्हती, त्याला भीती वाटत होती. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या मुलाचा शोध घेताना एसडीआरएफची बोट उलटली. तीन जवान गेले. पोहता येणारे, ट्रेनिंग घेतलेले जवान. तेव्हापासून तात्या घरी यायला उशीर झाला की मित्र हिंजवडीतून दर दहा मिनिटांनी फोन लावतो. "गळकी होडी आहे रे," तो म्हणाला, "एक दिवस काही झालं तर मी काय करू?"

म्हणजे इथे सेंटिमेंट विरुद्ध प्रॅक्टिकल असा फिल्मी सीन नव्हताच. दोघांचंही बरोबर होतं. प्रश्न एवढाच होता, की ही होडी खरंच म्हातारी झालीय, की फक्त आजारी आहे? आणि हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हतं.

तेव्हा मला हर्णै आठवलं. मागे एकदा फीचरसाठी दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर गेले होते. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर माशांचा लिलाव, आणि एका बाजूला वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या. कोकणात होडीची दुरुस्ती ही बातमीच नाही, तो वर्षाच्या कॅलेंडरचा भाग आहे. पावसाळ्यात समुद्र बंद, होड्या वर. मग खरवडणं, फळ्या बदलणं, फटींत कापूस ठासणं, रंग. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करायचा आणि पुन्हा पाण्यात. तिथे एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा नंबर घेतला होता. लावला.

मिस्त्रींनी किंमत, ब्रँड, वय काहीच विचारलं नाही. तीनच प्रश्न विचारले. "तळाचं मधलं मुख्य लाकूड, कणा, सरळ हाय? आतल्या बरगड्या किती कुजल्यात? आणि होडी सुकवायला किती दिवस देशील?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं काढायला लागतो एक हातोडा आणि एक जुना स्क्रू-ड्रायव्हर. बस्स! होडी पाण्याबाहेर काढायची, उलटी करायची आणि इंचाइंचावर ठोकत जायचं. निरोगी लाकूड ठणठणीत वाजतं, कुजलेलं 'ढप्प' असा मेलेला आवाज देतं. तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचायचा. टोक अडलं तर ठीक. लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं तर ती फळी गेली. जास्त संशय कुठे घ्यायचा? जिथे पावसाचं पाणी साचून राहतं त्या कोपऱ्यांत, खिळ्यांभोवती आणि फळी बरगडीला टेकते त्या सांध्यात. सतत पाण्याखाली बुडालेला भाग त्यामानाने बरा असतो. सारखं ओलं-सुकं होत राहणाऱ्या जागा आधी कुजतात.

रविवारी सकाळी आम्ही तिघं ठोकायला बसलो. हिशेब असा निघाला : कणा एकदम झकास. बरगड्यांपैकी एक गेलेली. मागच्या बाजूच्या दोन फळ्या गेलेल्या. खिळे बरेच गंजलेले. मिस्त्री फोनवर म्हणाले, "मग रडताय कशाला? कणा गेला असता तर मीच सांगितलं असतं, मोडा आणि चुलीत घाला."

हे वाक्य मला फार आवडलं. दुरुस्तीवाला माणूस जुन्याच्या प्रेमात आंधळा नसतो. कुठे थांबायचं हे त्याला नव्या वस्तूच्या सेल्समनपेक्षा जास्त कळतं.

आता तिसरा प्रश्न. मित्राला घाई होती. त्याचं म्हणणं, "वरून अख्ख्या होडीला फायबर मारून टाकू, एका वीकएंडचं काम." आयडिया तशी चुकीची नाही. लाकडी होडीला बाहेरून काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचा थर देतात, गळती थांबते, आयुष्य वाढतं. पण लाकूड ओलं असेल तर? वरून कडक कवच, आत दमट लाकूड. थर सुटायला लागतो आणि आतली कूज कोणालाही न दिसता वाढत राहते. तुमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ओल आलेल्या भिंतीला मालक नव्या भाडेकरूच्या आदल्या दिवशी रंग मारून घेतो ना? सेम टू सेम.

म्हणून होडी सुकवायची. तीही रणरणत्या उन्हात नाही, कारण लाकूड एकदम सुकलं तर तडकतं. सावलीत, हवेशीर, विटांवर टेकवून. चांगले चार आठवडे. आमच्या टीम लीडसाहेबांना हे झेपेना. चार आठवडे 'काहीही न करणं' हा टप्पा त्यांच्या कुठल्याच प्रोजेक्ट प्लॅनमध्ये बसत नव्हता!

पण त्या चार आठवड्यांत एक गंमत झाली. तो दर शनिवारी गावी यायला लागला. आधी जुनं डांबर खरवडलं. गंजके खिळे एकेक करून उपटले. गावातल्या सुतारमामांनी जुनी फळी काढून तिच्याच मापाने सागाची नवी कापली. त्यांनी आयुष्यात होडी केली नव्हती, बैलगाड्या आणि दारं केली होती. मिस्त्री व्हिडिओ कॉलवर हर्णैहून ओरडत होते, "आता फटीत कापूस! दाबून, पण फळी फाकेल एवढा नको!" आणि तात्या मध्ये उभे राहून दोघांनाही दुरुस्त करत होते. शेवटी फक्त खालच्या, पाण्यात राहणाऱ्या भागाला फायबरचा थर दिला. भल्या पहाटे, कारण उन्हात रेझिन बघता बघता घट्ट होतं आणि ब्रश बादलीतच अडकतो. (एकदा अडकलाच. नाव विचारू नका.) हातात ग्लोव्ह्ज आणि तोंडावर चांगला मास्क मात्र हवाच, तो वास डोक्यात जातो.

एकूण खर्च? नव्या होडीच्या कोटेशनच्या एक तृतीयांशाच्या आतबाहेर. सुतारमामांची मजुरी धरून.

आता म्हणाल, मग नवी घेणारे वेडे का? मुळीच नाही. फायबरची नवी होडी खरंच हलकी असते, सांधे नसतात, निगा कमी लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुनी होडी बदलण्यासाठी मदत ठेवली गेली. होडी आणि जाळी मिळून पाच लाखांचा खर्च धरायचा, त्यातले सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. ज्याच्या होडीचा कणाच गेलाय, त्याला हा मोठा आधार आहे.

पण नव्याचा एक हिशेब कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. लाकडी होडी मेली की सरपण होते. फायबरची मेली की तिचं काय करायचं हे जगालाच नीट सुचलेलं नाही. फ्रान्सला तर २०१९ पासून जुन्या हौशी बोटी मोडीत काढायला वेगळी यंत्रणा उभारावी लागली. आणि दुसरा हिशेब हाताचा. ग्रीसमध्ये मासेमारी कमी व्हावी म्हणून युरोपीय संघाच्या योजनेत लायसन्स परत करणाऱ्यांना पैसे मिळाले आणि हजारो लाकडी होड्या बुलडोझरखाली गेल्या. पाठोपाठ त्या बांधणाऱ्या सुतारांचं कामही आटत गेलं. होडी पुन्हा बांधता येते. ती बांधणारा माणूस मात्र ऑर्डर देऊन मिळत नाही.

आणि ज्यांना वाटतं की जुन्या बोटीवर भरवसा कसा ठेवायचा, त्यांच्यासाठी नौदलाची 'तारिणी'. गोव्यात बांधलेली शिडाची बोट. गाभा लाकडाचा, वर फायबर, म्हणजे आमच्या तात्यांच्या होडीची श्रीमंत मावसबहीण! २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. मग २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघींनी पुन्हा केली. त्याच बोटीतून! देखभाल चोख असेल तर वय हा फक्त आकडा असतो, हे बोटींच्या बाबतीत तरी शंभर टक्के खरं आहे.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होडी पाण्यात गेली. वरच्या, फायबर नसलेल्या फळ्यांतून पहिल्या दिवशी थोडं पाणी झिरपलंच. मित्राचा चेहरा पडला. तात्या हसले, "आरं, लाकूड हाये ते. पाणी पिऊ दे, फुगू दे, मग बसंल गच्च." तिसऱ्या दिवशी होडी कोरडी ठणठणीत.

उरलेल्या बोनसचं काय केलं? मित्राने दोन चांगली लाइफ जॅकेट घेतली आणि तात्यांसमोर ठेवली. म्हणाला, "होडी तुमच्या मनासारखी झाली ना? आता हे माझ्या मनासारखं. वारं सुटलं की परत फिरायचं, आणि हे घातल्याशिवाय पाण्यात जायचं नाही." तात्या कुरकुरले. उकडतं म्हणाले, लोक हसतील म्हणाले. पण घातलं. कारण भीती होडीच्या वयाची नव्हतीच कधी. नवी होडीसुद्धा वाऱ्यात उलटते. पाण्याला मॉडेल नंबर वाचता येत नाही.

तर मंडळी, जाता जाता मिस्त्रींचे तीन प्रश्न तुमच्यासाठी. पुढच्या वेळी बाईक, लॅपटॉप, सोफा, काहीही बदलायचा किडा वळवळला की विचारा : मूळ ढाचा शाबूत आहे का? कुजलंय ते नेमकं कुठे आणि किती? आणि दुरुस्तीला लागेल तेवढा वेळ द्यायची माझी तयारी आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर खुशाल नवं घ्या, पार्टी द्या. 'हो' आलं तर आधी एक हातोडा आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधा.

आमचा टीम लीड अजूनही महिन्यातून दोनदा गावी जातो. परवा त्याला विचारलं, "आता तर होडी नीट झाली, मग कशाला जातोस?"

म्हणाला, "तात्या वल्हवायला शिकवतायत. माझं सारखं गोल फिरतंय यार!"